एपी क्रेडिट (अमेरिकेतील विद्यापीठे)

शाळेत असतानाच महाविद्यालयीन पातळीची परीक्षा देऊन मिळवलेले आणि पुढे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे श्रेयांक म्हणजे एपी क्रेडिट. अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट हा कार्यक्रम अमेरिकेतील कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून चालवते. परीक्षा मे महिन्यात होतात, गुण १ ते ५ या श्रेणीत मिळतात आणि निकाल जुलैमध्ये लागतो. परीक्षा सगळ्यांना एकच असते. त्या गुणांचे काय करायचे हे मात्र प्रत्येक विद्यापीठ ठरवते आणि पुष्कळदा त्यातला प्रत्येक विभागही वेगळे ठरवतो.

एकाच निकालातून तीन निरनिराळे लाभ मिळू शकतात. पहिला, पदवीसाठी लागणाऱ्या एकूण श्रेयांकांत भर. सत्र पद्धतीत ही बेरीज साधारण १२० असते. दुसरा, विशिष्ट विषयाची अट पूर्ण होणे. तिसरा, फक्त वरच्या वर्गात थेट प्रवेश, श्रेयांक शून्य. पालकांची गल्लत इथेच होते. खात्यावर ३० श्रेयांक दिसले की एक वर्ष वाचले असे वाटते. पण ते 'ऐच्छिक' या रकान्यात पडले असतील आणि मुख्य विषयाची साखळी चार वर्षांची असेल, तर पदवी एका दिवसानेही लवकर मिळत नाही. फायदा एवढाच, की श्रेयांकांवरून नोंदणीचा क्रम ठरतो तिथे वर्ग निवडायला लवकर संधी मिळते.

कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ किंवा अधिक गुणांना श्रेयांक देते. पूर्ण वर्षाच्या विषयाला ८ तिमाही एकके (तिमाही पद्धतीत मोजलेले श्रेयांक), म्हणजे सत्राच्या मापाने ५.३. कॅल्क्युलस (कलनशास्त्र) एबी या परीक्षेला ४ आणि तिच्याहून जास्त भाग असलेल्या बीसीला ८. दोन्ही दिल्या तरी कमाल ८च. ही एकके विद्यापीठाच्या वेगवेगळ्या शहरांतील सर्व शाखांत (कॅम्पसांत) मिळतात, पण त्यांतून कोणता अभ्यासक्रम माफ होईल हे त्या त्या शाखेत ठरते. टेक्सासात २०१५च्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांना श्रेयांक द्यावा असा सर्वसाधारण नियम आहे. अधिक गुणांची अट घालायची तर विद्यापीठाला पुराव्यानिशी कारण द्यावे लागते. खासगी विद्यापीठे हात आखडता घेतात. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीच्या ५ गुणांवर पहिला गणिताचा अभ्यासक्रम सुटतो. डार्टमथने २०१८च्या पदवी तुकडीपासून श्रेयांक देणे थांबवले. योग्य पातळीच्या वर्गासाठी गुणांचा उपयोग ठेवला.

गुण आपोआप विद्यापीठात पोहोचत नाहीत. ते कॉलेज बोर्डाकडून अधिकृतपणे पाठवावे लागतात. वर्षातून एका ठिकाणी मोफत पाठवता येतात, पण त्याची मुदत जूनमध्येच, निकालाआधी संपते. नंतर शुल्क पडते. पोहोचल्यावरही काम संपेलच असे नाही. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात विद्यार्थ्याने स्वतः मागितल्याशिवाय श्रेयांक खात्यावर चढत नाहीत, आणि ही पद्धत शहाणपणाची आहे, कारण सल्लागाराशी बोलून मग ठरवता येते.

चुका बहुधा ठरलेल्याच असतात. फिजिक्स १ ही परीक्षा कॅल्क्युलसविना असते, म्हणून अभियांत्रिकीच्या भौतिकशास्त्राला ती सहसा चालत नाही. तिथे फिजिक्स सी लागते. माफ झालेला अभ्यासक्रम पुन्हा घेतला तर अनेक ठिकाणी एपीचे श्रेयांक रद्द होतात, कारण एकाच मजकुराला दोनदा मोजत नाहीत. बीसीत जेमतेम ३ मिळवून थेट कॅल्क्युलसच्या तिसऱ्या अभ्यासक्रमाला बसणारा विद्यार्थी पहिल्याच चाचणीत गडबडतो. त्याने आधी विभागाची मागची अंतिम प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी. वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावे: अनेक मेडिकल स्कूल जीवशास्त्र-रसायनशास्त्रासाठी एपी मान्य करत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा अभ्यासक्रम मागतात.

दुहेरी नोंदणी ही निराळी वाट. त्यात विद्यार्थी शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयाचा) वर्ग करतो आणि त्याची श्रेणी महाविद्यालयीन गुणपत्रिकेवर कायमची राहते, वाईट श्रेणीही. एपीच्या श्रेयांकांना श्रेणी नसते, त्यामुळे सरासरी बिघडत नाही.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बारावीच्या गुणांना अमेरिकेत सहसा श्रेयांक मिळत नाहीत. एपीची परीक्षा मात्र शाळेत एपीचा वर्ग न करताही देता येते. भारतात ती ठरावीक केंद्रांवर होते आणि नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी करावी लागते.