मोल पळवणारं झाड? असं काही नसतं

इंग्लंड-अमेरिकेत बाग असलेल्या आपल्या लोकांना शेजारी हमखास सांगतात की केपर स्पर्ज लावा, मोल बागेत फिरकणार नाही. मोल म्हणजे लॉनखाली बोगदे करून मातीचे ढीग वर काढणारा छोटा प्राणी. झाडाचं नावच तिकडे मोल प्लांट पडलंय, पण याला कसलाही भक्कम पुरावा नाही. आणि साधा विचार करा ना, मोल खातो गांडुळं आणि अळ्या, मुळं नाही, मग मुळं विषारी असून त्याला काय फरक पडणार?

हे आपल्या शेराच्याच कुळातलं, युफोर्बिया लॅथिरिस. दिसायला खरंच देखणं, निळसर हिरवी पानं एकावर एक चार सरळ रांगांत. पण पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो कातडीला लागला तर आग होते, फोड येतात, आणि डोळ्यात गेला तर फारच वाईट. फळं हिरवी, केपरसारखी (तिकडे लोणच्यासारखी मुरवून खातात ती कळी) दिसतात म्हणून लोक चुकून खातात, विषारी आहेत ती, उलट्या-जुलाब होतात. पिकली की तडकून बिया लांब उडतात, म्हणजे एक लावलं तरी पुढे सगळ्या वाफ्यात तेच.

आधीच असेल तर फळं हिरवी असतानाच ग्लोव्हज आणि चष्मा घालून मुळासकट उपटा, लहान मुलं लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका, 15-20 मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.