दुसरी बाटली

बाथरूमच्या फरशीवरचा पिवळा डाग ब्लीच ओतूनही हटत नाही. मग टॉयलेट क्लीनरची दुसरी बाटली उघडली जाते. फरशीवर फसफस होते, नाकात तिखट भपकारा शिरतो आणि जोराचा ठसका लागतो. क्लोरीनचा धोका घरात नेमका कुठे, असं कुणी विचारलं तर मी नळाकडे नाही, या दार लावलेल्या बाथरूमकडे बोट दाखवेन.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. क्लोरीन त्यात बांधलेला राहावा म्हणून ते मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात. पुष्कळशा टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आली की ही अल्कता मोडते आणि क्लोरीन वायू मोकळा सुटतो. हा वायू हवेच्या जवळपास अडीचपट जड, त्यामुळे जमिनीलगत रेंगाळतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ शत्रूवर सोडलेला हा वायू खंदकांत उतरला, तो याच वजनामुळे. आणि फरशी घासणारा माणूस तर उकिडवा बसून, मान खाली घालूनच काम करत असतो!

क्लोरीन किती खोल जातो ते अमोनियाशी तुलना केली की कळतं. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून त्याचा मारा बराचसा नाका-घशातच अडतो. क्लोरीन तितका विरघळत नाही. तो खाली श्वासनलिकांपर्यंत पोचतो आणि तिथल्या ओलाव्याशी संयोग होऊन आम्लं तयार करतो. जास्त वायू आत गेला असेल तर फुफ्फुसांत पाणी साचू शकतं, आणि तेही काही तासांनी. म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर फार विसंबू नये. आधी मोकळ्या हवेत यावं, चुरचुरणारे डोळे वाहत्या पाण्याखाली धरावेत. धाप किंवा खोकला थांबत नसेल तर डॉक्टर गाठावा; दमेकऱ्यांनी तर वाटच पाहू नये. अमोनिया असलेलं क्लीनरही ब्लीचमध्ये चालत नाही, त्यातून क्लोरामाइनचे, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाच्या संयोगातून बनणारे झोंबरे वायू निघतात.

पोहण्याच्या तलावावरचा उग्र वास याच क्लोरामाइनचा. लोकांना वाटतं, वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ. खरं तर क्लोरीनची घाम आणि लघवीशी गाठ पडल्यावर तो वास येतो. छताखालच्या तलावांवर रोज काम करणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात. तलावात उतरण्याआधी आंघोळ करायला सांगतात ते उगाच नाही.

राहिलं नळाचं पाणी. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी लिटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, आणि नळाला येणारं प्रमाण एरवी त्याच्या बरंच खाली असतं. पाण्यातल्या कुजक्या सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात, हे १९७४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखवलं. अशी संयुगं वर्षानुवर्षं पोटात जाणं आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण त्या भीतीनं क्लोरीनच बंद करणं म्हणजे कॉलऱ्याला आवतण.

वास नकोसा वाटत असेल तर पाणी थोडा वेळ उघडं ठेवावं, तो बराच उडून जातो. मात्र त्याच्याबरोबर जंतूंवरचा पहाराही उठतो, तेव्हा ते पाणी नंतर झाकून ठेवावं आणि त्याच दिवशी संपवावं.