कॅटॅलिस्टची फाइल पाठवण्याआधी: अक्ष आर की एस?

‘फाइल कालच पाठवली, काम कुठवर आलं?’ असा फोन आला की कॅटॅलिस्टचे हिशेब संगणकावर करणाऱ्या आम्हालाच बरेचदा उलट विचारावं लागतं, ‘अक्ष आर की एस?’ उत्तर येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. म्हणून हे पत्रक.

बिनॅप आणि बिनॉल या कॅटॅलिस्टसाठी वापरल्या जाणाऱ्या रेणूंमध्ये कायरल कार्बन (चार वेगळे गट जोडलेला, डावं-उजवं ठरवणारा) नसतो. दोन नॅप्थलीन एका बंधाने जोडलेली असतात आणि शेजारच्या गटांच्या दाटीमुळे त्या बंधाभोवती मोकळी फिरू शकत नाहीत. तो पीळच रेणूचं डावं-उजवं ठरवतो: तो बंध म्हणजे अक्ष आणि पिळाच्या दोन दिशा म्हणजे आर आणि एस. साध्या स्माइल्समध्ये (रेणू एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत) मात्र डाव्या-उजव्याची खूण अणूवर किंवा दुहेरी बंधावर बसते. या अक्षासाठी तिथे जागाच नाही. मग प्रोग्राम आपल्या मनाने एक पीळ धरतो आणि चूक झाल्याचं सांगतही नाही.

पीळ उलटा धरला गेला तर बिनॅपच्या बाबतीत आरसाप्रतिमा मिळते. सब्स्ट्रेट (ज्यावर अभिक्रिया होते तो रेणू) कायरल नसेल तर फक्त उत्तराची बाजू उलटते, हिशेब वाया जात नाही. बिनॉल आणि अमाइन फॉस्फरसला जोडून बनणाऱ्या फॉस्फोरॅमिडाइटचं तसं नाही. बिनॉलचा अक्ष एस आणि अमाइनवरची दोन्ही कायरल केंद्रं आर असताना अक्ष तेवढा आर झाला, तर हाती येतो डायस्टेरिओमर, म्हणजे आरसाप्रतिमा नसलेला वेगळाच रेणू: आकार वेगळा, ऊर्जा वेगळी. सगळं पहिल्यापासून.

तेव्हा अणूंच्या जागा देणारी त्रिमितीय मोल किंवा एक्सवायझेड फाइल पाठवा आणि बाटलीवरचं नाव (एस,आर,आर) सकट जसंच्या तसं लिहा.

‘क्रिस्टल स्ट्रक्चर आहे, मग कॉन्फॉर्मर शोधायचे पैसे कशाला?’ हाही नेहमीचा प्रश्न. (कॉन्फॉर्मर म्हणजे बंधांभोवती वळून रेणू घेतो ते वेगवेगळे आकार.) क्रिस्टल जरूर पाठवा, अक्ष त्यावरून पक्का होतो. पण तो स्फटिकात बसलेला एक आकार. द्रावणात फिनाइल गट वळतात, कडी वाकतात. 25 अंश सेल्सिअसला 90 टक्के ईई (एक आरसाप्रतिमा दुसरीपेक्षा किती जास्त बनते ते) म्हणजे दोन संक्रमण अवस्थांच्या (अभिक्रियेच्या वाटेवरच्या सर्वाधिक ऊर्जेच्या टप्प्यांच्या) ऊर्जेत मोलमागे जेमतेम 1.74 किलोकॅलरींचा फरक. संक्रमण अवस्थेचा एक महत्त्वाचा आकार निसटला तरी तो पुसला जातो. सर्वांत स्थिर आकारच काम करतो असंही नाही. रोडियमच्या असममित हायड्रोजनेशनमध्ये मुख्य उत्पादन कमी प्रमाणातल्या, कमी स्थिर संकुलातून येऊ शकतं, हे रसायनशास्त्रज्ञ जॅक हाल्पर्न यांनी 1980च्या दशकात दाखवलं. म्हणून आम्ही क्रेस्ट या प्रोग्रामने आकार गोळा करतो आणि खालच्या ऊर्जेचे सगळे डीएफटी या जास्त अचूक क्वांटम पद्धतीने पुन्हा तपासतो. त्याला वेळ लागतो आणि तो आम्ही कमी करत नाही.

शंका असेल तर ऑर्डरआधीच फाइल पाठवा. अक्ष तपासून त्याच दिवशी कळवतो, त्याचे पैसे घेत नाही.