नुसतं बीपी की प्री-एक्लाम्पसिया?

‘गरोदरपणात बीपी वाढलं होतं’ एवढं सांगून बहुतेक जणी मोकळ्या होतात. त्या एका वाक्यात दोन निराळी दुखणी लपलेली असू शकतात, आणि मुलाच्या हृदयाचा विषय निघाला की नेमकं कोणतं होतं, याने फरक पडतो.

सुरुवात दोन्हींची सारखीच. २० आठवड्यांपर्यंत रक्तदाब ठीक, मग १४०/९० किंवा त्याच्या वर. चार तासांनी मोजला तरी तेच. बाकी सगळं नीट असेल तर ते गरोदरपणातलं साधं बीपी. लघवीत बुडवलेली पिवळी पट्टी हिरवट झाली, म्हणजे प्रथिनं उतरायला लागली, की संशय प्री-एक्लाम्पसियाचा. (पट्टी पिवळीच राहिली म्हणून सुटका नाही. प्लेटलेट लाखाखाली, यकृताचे किंवा किडनीचे रिपोर्ट बिघडलेले, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, यातलं काहीही निदानाला पुरतं.) पाय तर धडधाकट गरोदर बाईचेही सुजतात. शिवाय आजचं साधं बीपी पंधरा दिवसांनी प्री-एक्लाम्पसियात बदलू शकतं, म्हणून तर डॉक्टर पुन्हापुन्हा बोलावतात.

खरा फरक वारेत, म्हणजे प्लासेंटात, आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी धमन्यांत शिरून त्या सैल, रुंद करतात. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त अपुरं पडतं, आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की रक्तवाहिन्यांचं अस्तरच बिघडतं. बाळाची वाढ खुंटू शकते, बाळंतपण वेळेआधी करावं लागतं. साध्या बीपीत वारेचा दोष सहसा इतका ठळक नसतो. आईचं वजन आणि घराण्यातलं बीपी तिथे जास्त बोलतं.

इंग्लंडात ब्रिस्टलमधल्या मुलांचा नवव्या वर्षी रक्तदाब मोजला, तेव्हा आईला साधं बीपी असलेल्या आणि प्री-एक्लाम्पसिया असलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांत वरचा आकडा इतरांपेक्षा साधारण २ मिलिमीटरने जास्त निघाला. जन्माचं वजन आणि गर्भात काढलेले आठवडे हिशेबात धरल्यावर मात्र प्री-एक्लाम्पसियाचा फरक विरला, साध्या बीपीचा टिकला. नॉर्वेत तर भावंडंच शेजारी ठेवली: त्याच आईची, पण बीपी नसलेल्या गरोदरपणातली मुलंही रक्तदाबाच्या बाबतीत तशीच निघाली. म्हणजे बराचसा भाग आनुवंशिकतेचा आणि घरातल्या सवयींचा असावा, असं मला वाटतं. पण वार निर्दोष सुटत नाही. हेलसिंकीत १९३४ ते १९४४ मध्ये जन्मलेल्यांत, आईला प्री-एक्लाम्पसिया होता त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट दिसला.

एकट्या मुलाच्या बाबतीत २ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. दंडाला पट्टा लहान पडला तरी आकडा त्याहून जास्त चढतो. मुलांचा रक्तदाब एरवी तीन वर्षांनंतर दरवर्षी मोजतात. फार लवकर किंवा फार कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर त्याआधीपासूनच.