कायोटीसाठी कोणती गोळी? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

टेबलावर चार रिकाम्या पुंगळ्या ओळीनं उभ्या केल्या आहेत. पहिली .२२ हॉर्नेटची. करंगळीहून बारीक, बुडाला कडा असलेली. तिच्या शेजारी .२२३ रेमिंग्टन, मग जाडजूड .२२-२५०, आणि शेवटी सगळ्यांत उंच .२४३ विंचेस्टर. नावांतले आकडे वेगवेगळे असले तरी पहिल्या तिघींच्या तोंडात बसणारी गोळी जवळपास एकाच जाडीची असते, साधारण ५.७ मिलिमीटर. चौथीची गोळी तिच्याहून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनं जाड. खरा फरक पोटात आहे. हॉर्नेटमध्ये दहा-बारा ग्रेन (साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) दारू मावते, .२२-२५० मध्ये तिच्या तिप्पट.

अमेरिकेत कायोटीच्या शिकारीला निघालेला माणूस पिढ्यानपिढ्या या पुंगळ्यांपुढे अडतो. जनावर जागच्या जागी संपलं पाहिजे, जायबंदी होऊन झाडीत शिरता कामा नये, त्यासाठी यांतली कोणती? आज हा प्रश्न अगदी साधा वाटतो. पण कायोटी मारण्याच्या दीडेकशे वर्षांच्या इतिहासात तो बऱ्याच उशिरा विचारला गेला.

आधी जनावराची ओळख करून घेऊ, कारण मराठीत त्याला सर्रास कोल्हा म्हणतात आणि गडबड तिथंच होते. कायोटी ही कुत्रा-लांडग्यांच्या कुळातली उत्तर अमेरिकेतली स्वतंत्र जात आहे. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून आलं. टॉमस से या निसर्गअभ्यासकानं १८२३ मध्ये तिला 'कॅनिस लॅट्रान्स', म्हणजे भुंकणारा कुत्रा, असं शास्त्रीय नाव दिलं. आपल्या माळरानावरचा कोल्हा आठ ते अकरा किलोंचा. पश्चिम अमेरिकेतला कायोटी नऊ ते सोळा किलोंचा असतो, आणि पूर्वेकडचा, ज्याच्या रक्तात लांडग्याचाही अंश आहे, वीस किलोंपर्यंत जातो. हिवाळ्यात अंगावर इतके दाट केस येतात की जनावर आहे त्याच्या दीडपट दिसतं. केसांच्या आतली छाती मात्र अरुंद असते. हृदय-फुप्फुसांचा भाग माणसाच्या तळहाताएवढा. केसांच्या आकारावर नेम धरणाऱ्याची गोळी एक तर हवेत जाते, नाही तर पोटात लागते. पोटात गोळी लागलेलं जनावर पळतं, आणि मग तासन्‌तास मरत राहतं.

एकोणिसाव्या शतकात याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. गवताळ प्रदेशात बायसनच्या कत्तली चालू होत्या, त्याच काळात लांडग्यांच्या कातड्यांसाठी फिरणारी माणसं बायसनच्या प्रेतांत स्ट्रिक्निन हे विष भरून ठेवत. लांडगे मेले, कायोटी मेले, गिधाडं आणि कुत्रीही मेली. स्ट्रिक्निननं मरणं म्हणजे शरीर धनुष्यासारखं ताणलं जाऊन आचके देत मरणं. पुढं मेंढपाळ आणि गुरंवाले यांच्या दबावानं सरकारच या कामात उतरलं. १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं लांडगे आणि कायोटींच्या नायनाटासाठी जीवशास्त्रीय सर्वेक्षण खात्याला सव्वा लाख डॉलर दिले, आणि १९३१ च्या कायद्यानं त्या मोहिमेला कायमचं घर मिळालं. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडेही लांडग्याच्या मुंडक्यावर बक्षीस मिळत होतंच. राज्यकर्ते निराळे, हिशोब तोच: किती मेले एवढंच मोजायचं, कसे मेले ते नाही.

'ह्यूमेन', म्हणजे दयाळू, हा शब्द या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे भेटतो तो एका यंत्राच्या नावात. १९३० च्या दशकात 'ह्यूमेन कायोटी गेटर' नावाचं साधन निघालं. जमिनीत रोवलेली नळी, तिच्यात पिस्तुलाच्या .३८ काडतुसाची पुंगळी, पुंगळीत सायनाइड. वर वासाचं आमिष. कायोटीनं आमिष दातांनी ओढलं की बार उडायचा आणि विष थेट तोंडात जायचं. स्ट्रिक्निनच्या तुलनेत मरण लवकर येई, म्हणून ते नाव. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर अशा विषांना बंदी घालणारा आदेश काढला, तोही पुढं सैल झाला. मला या यंत्राचा उल्लेख टाळता येत नाही. वेदना कमी करण्याचा विचार इथं सुरू झाला आणि तो काडतुसाच्याच पुंगळीत बसवला गेला.

रायफलीची गोष्ट समांतर चालली होती. काळ्या दारूच्या जमान्यात ज्याच्या हाती जे असेल ते तो वापरी: .४४-४० विंचेस्टर, .२५-२०, नंतर बिनधुराच्या दारूची .३०-३०. या गोळ्या जड आणि संथ. शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे गोळीची वाट इतकी वाकायची की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तळहाताएवढं लक्ष्य हातचं जायचं. हे बदललं ते वेगानं. चार्ल्स न्यूटन यांच्या कल्पनेतून सॅव्हेज कंपनीनं १९१५ मध्ये .२५०-३००० आणली. नावातले ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट. वेगच नावात घालून विकण्याची ही सुरुवात.

मग हॉर्नेट. १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतल्या काही हौशी जाणकारांनी, त्यांत टाउनसेंड व्हेलन हे मोठं नाव, काळ्या दारूच्या जुन्या .२२ डब्ल्यूसीएफ पुंगळीत आधुनिक दारू भरून पाहिली. १९३० मध्ये विंचेस्टरनं तिची काडतुसं बाजारात आणली. ४५ ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमहून कमी वजनाची गोळी, वेग सुरुवातीला सेकंदाला सुमारे २,४०० फूट. आवाज कमी, धक्का जवळपास नाही. शेताच्या बांधावरून दीडशे यार्डांच्या आत हॉर्नेट आपलं काम चोख करी. अडचण व्हायची ती लोक तिच्याकडून तीनशे यार्डांची अपेक्षा करू लागले की.

१९३५ साली .२२० स्विफ्ट आली आणि शिकाऱ्यांचं डोकं चक्रावलं. ४८ ग्रेनची गोळी, सेकंदाला ४,११० फूट, म्हणजे साडेबाराशे मीटर. कारखान्यातून निघालेल्या एकाही काडतुसानं तोवर चार हजाराचा आकडा गाठला नव्हता. कायोटीच्या छातीत ती लागली की जनावर जणू दिवा विझावा तसं कोसळायचं. ते पाहून लोक स्विफ्टनं हरणंही मारू लागले आणि काहींना तिथंही तसंच यश आलं. काहींना मात्र भलताच अनुभव आला. एवढ्या वेगात पातळ कवचाची गोळी हरणाच्या खांद्यावरच फुटायची. वर भली मोठी जखम, आत काहीच नाही, आणि हरीण तीन पायांवर पसार. वेगवान छोटी गोळी विरुद्ध संथ जड गोळी हे अमेरिकन शिकाऱ्यांचं जुनं भांडण स्विफ्टनं पुन्हा पेटवलं. त्यातच नळी लवकर झिजते ही बदनामी चिकटली. त्या काळच्या पोलादाला आणि भराभर बार काढण्याच्या सवयीला धरून ती पुष्कळशी खरीही होती.

महायुद्धानंतर उत्तरं शहाणी झाली. रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी १९५० मध्ये .२२२ घडवली: ५० ग्रेन, ३,२०० फूट, आणि अचूकता इतकी की नेमबाजीच्या स्पर्धांत वर्षानुवर्षं तिचंच राज्य होतं. तिचीच पुंगळी लांबवून सैन्याच्या नव्या रायफलीसाठी जे काडतूस बनलं, ते १९६४ मध्ये नागरी बाजारात .२२३ रेमिंग्टन म्हणून आलं. ५५ ग्रेन, ३,२४० फूट. सैन्यामुळे दारूगोळा स्वस्त आणि मुबलक झाला. कायोटीच्या शिकारीत .२२३ एवढी पसरली, त्यामागे गुणाइतकाच हा स्वस्तपणाही आहे. पुढच्याच वर्षी रेमिंग्टननं .२२-२५० ला अधिकृत रूप दिलं. सॅव्हेजच्या जुन्या .२५० ची मान आवळून हौशी कारागीर हे काडतूस १९३० च्या दशकापासून घरी बनवत होते. स्विफ्टच्या खालोखाल वेग आणि तिच्याइतकी बदनामी नाही, म्हणून ते टिकलं.

यात १९५५ ची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या एकाच वर्षी दोन कंपन्यांनी सहा मिलिमीटरची काडतुसं आणली, विंचेस्टरनं .२४३ आणि रेमिंग्टननं .२४४. ताकदीत उन्नीस-बीस. पण रायफलीच्या नळीत आतून जे आटे पाडलेले असतात, त्यांचा पीळ निराळा होता. गोळी लांब आणि जड असेल तर तिला हवेत सरळ राहण्यासाठी जास्त वेगानं गरगरावं लागतं, म्हणजे पीळ घट्ट हवा. .२४४ च्या गिऱ्हाइकाला फक्त कायोटी आणि रानघुशींसारखे उपद्रवी प्राणी मारायचे आहेत असं रेमिंग्टननं गृहीत धरलं आणि बारा इंचांत एक फेरा असा सैल पीळ ठेवला. विंचेस्टरनं दहा इंचांत एक ठेवला आणि १०० ग्रेनची गोळीही दिली. गिऱ्हाइकाला एकाच रायफलीत कायोटीही हवा होता आणि हरीणही. .२४३ घरोघरी गेली, .२४४ बसली. रेमिंग्टननं १९६३ मध्ये पीळ घट्ट करून तेच काडतूस '६ एमएम रेमिंग्टन' या नावानं पुन्हा आणलं, पण गाडी सुटली होती. कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, आकडा सांगून रायफलीबद्दल सगळं सांगितल्याचं समाधान मानणाऱ्यानं हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

दरम्यान शिकारीची रीतच बदलली. टेक्सासमधल्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढणाऱ्या शिट्या देशभर पोचवल्या. कायोटी आता दूरवर दिसून निघून जाणारा ठिपका राहिला नाही. तो आवाजाच्या दिशेनं पन्नास-शंभर यार्डांवर येऊन उभा राहू लागला. अंतर घटलं तसं, माझ्या मते, अफाट वेगाचं कारणही उरलं नाही. पण १९७० च्या दशकात कातड्यांचे भाव चढले आणि काडतूस निवडताना 'जनावर किती लवकर मरेल' याच्या जोडीला, पुष्कळदा त्याच्या आधी, 'कातड्याला किती मोठं भोक पडेल' हा प्रश्न येऊन बसला. १९७१ ची .१७ रेमिंग्टन त्या काळाला अगदी फिट बसली. २५ ग्रेनची, दीड ग्रॅमच्या आसपासची चिमुकली गोळी चार हजार फुटांच्या वेगानं आत शिरते, आतच फुटते, बाहेर पडत नाही. नेम बरगड्यांवर अचूक बसला तर मरण तत्काळ येतं. खांद्याच्या हाडावर बसला तर स्विफ्टनं हरणाचं केलं तेच कायोटीचं होतं. शिवाय इतकी हलकी गोळी आडव्या वाऱ्यानं सहज ढळते. २००४ च्या .२०४ रुगरनं ३२ ग्रेनच्या गोळीला ४,२२५ फुटांपर्यंत नेलं. ती .१७ पेक्षा भरवशाची, तरी गोळीची निवड चुकली तर दुखणं तेच.

गोंधळाच्या मुळाशी मला एक शब्द दिसतो: 'व्हार्मिंट'. अमेरिकन बोलीत उपद्रवी प्राण्याला हा शब्द आहे आणि त्यात किलोभर वजनाचा प्रेअरी डॉगही येतो, पंधरा किलोंचा कायोटीही. काडतुसाच्या खोक्यावर तोच शब्द छापलेला असतो. प्रेअरी डॉगसाठी बनवलेली, स्पर्श होताच चुरा होणारी गोळी कायोटीच्या खांद्यावर वापरली की हाडापाशीच तिचा जीव संपतो. म्हणून मला विचाराल तर कॅलिबरच्या आधी गोळी पाहावी. थोड्या जाड कवचाची ५०-५५ ग्रेनची गोळी घेऊन .२२३ दोनशे-अडीचशे यार्डांच्या आत पुरेशी आहे. उघड्या, वारा वाहणाऱ्या मैदानात .२२-२५० किंवा .२४३ जास्त निश्चित. हॉर्नेट दीडशेच्या आत. पॉइंट टू-टूची साधी रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं छोटं काडतूस) या जनावरासाठी उचलूच नये. तिची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास निघते, आणि .२२३ च्या तुलनेत तिच्यात जेमतेम नववा हिस्सा ऊर्जा असते.

नव्या शतकात आणखी एक वळण आलं. शिशाच्या गोळीनं मेलेल्या जनावरांचे अवशेष खाऊन कॅलिफोर्नियातले कॉंडर, म्हणजे तिथली दुर्मिळ गिधाडं, मरत होते. २००७ मध्ये तिथं कॉंडरच्या टापूत शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी करणारा कायदा झाला, त्यात कायोटीही आला. १ जुलै २०१९ पासून ही बंदी राज्यभर लागू झाली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. चौदा इंचांत एक फेरा देणाऱ्या जुन्या .२२-२५० रायफलींचे मालक .२४४ च्या मालकांसारखेच कोड्यात पडले.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार थांबली, त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय परका वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात कायोटी येतो. शिकागोसारख्या शहरातही तो ठाण मांडून आहे. दीडेकशे वर्षांच्या विष-बंदुकीनंतर हवाई सोडून प्रत्येक राज्यात तो पोचला आहे. तिथले कायदेही हलू लागले आहेत. सगळ्यांत जास्त कायोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये, व्हरमाँटनं २०१८ मध्ये आणि न्यू मेक्सिकोनं २०१९ मध्ये निर्बंध आणले. तरी पश्चिमेकडच्या बऱ्याच राज्यांत कायोटी बाराही महिने मारायची मुभा आहे.

या बारमाही मुभेपाशी कॅलिबरची चर्चा अपुरी पडते. कायोटीची जोडी हिवाळ्याच्या शेवटी जमते, मादी साधारण ६३ दिवसांनी विते, आणि एप्रिल-मेमध्ये बिळात पाच-सहा पिल्लं असतात. डोळे उघडायला त्यांना दोनेक आठवडे लागतात. त्या दिवसांत .२४३ ची गोळी आईच्या छातीत अगदी अचूक बसली, ती जागच्या जागी गेली, तरी बिळातली पिल्लं उपाशी राहून कित्येक दिवस मरत राहतात. हे ज्यांना ठाऊक आहे असे शिकारी मार्च उजाडला की रायफल पुसून, तेल लावून पेटीत ठेवतात आणि शरद ऋतूपर्यंत बाहेर काढत नाहीत.