ऱ्हुपस

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे आमवात, आणि ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना ग्रासणारा आजार) हे दोन स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे आजार, एकाच रुग्णात आढळतात तेव्हा त्या स्थितीला ऱ्हुपस म्हणतात. दोन्ही नावे सांधून केलेला हा शब्द पीटर शूर यांनी १९७१ मध्ये वापरला. स्थिती दुर्मीळ असून बहुतेक रुग्ण स्त्रिया असतात. हे दोन आजारांचे एकत्र येणे आहे, की सांधे पोखरणारा ल्युपसच, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत.

निदानाची किल्ली बहुधा हातात सापडते. बोटे व मनगटे सुजणे, सकाळी सांधे आखडणे हे दोन्ही आजारांत होते. पण ल्युपसमध्ये हाड सहसा शाबूत राहते. बोटे वाकडी झाली तरी दुसऱ्या हाताने सरळ करता येतात, कारण बिघाड सैल पडलेल्या अस्थिबंधांत आणि स्नायूंच्या दोऱ्यांत असतो. याला जाकू संधिविकार म्हणतात. आमवातात मात्र सांध्याचे सुजलेले अस्तर कूर्चा आणि हाड कुरतडत जाते. ल्युपसच्या रुग्णाच्या एक्स-रेमध्ये अशी कुरतड दिसली, की ऱ्हुपसची शंका घ्यायलाच हवी.

रक्ततपासणीत स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे शोधतात. त्यांतल्या एकट्या आरए फॅक्टरवर विसंबू नये. तो ल्युपसच्याही काही रुग्णांत असतो, तसेच ल्युपसमध्ये नेहमी आढळणारे एएनए हे प्रतिपिंड आमवाताच्या काही रुग्णांतही असते. जास्त वजन अँटी-सीसीपीला (आमवातासाठी) आणि अँटी-डीएसडीएनए व अँटी-एसएम यांना (ल्युपससाठी) द्यावे.

बहुतेकदा आमवात आधी येतो आणि ल्युपस काही वर्षांनी, आणि चुकामूक होते ती इथेच. पांढऱ्या पेशी घटल्या तर दोष मेथोट्रेक्सेट या आमवातावरील औषधाला दिला जातो, अंगावर पुरळ उठले तर ॲलर्जी म्हणून सोडून दिले जाते. तोंडात फोड, प्लेटलेट कमी होणे, फुप्फुसाच्या आवरणात पाणी अशी लक्षणे सोबत असतील तर रक्तातील सी३, सी४ (ल्युपस बळावला की सहसा घटणारी प्रथिने) आणि लघवीतील प्रथिने तपासलीच पाहिजेत. निव्वळ ल्युपसच्या तुलनेत ऱ्हुपसमध्ये मूत्रपिंडाचा विकार कमी आढळतो, पण तो होतच नाही असे नाही. आमवातासाठी दिलेली टीएनएफरोधक (दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारी) इंजेक्शनेही ल्युपससारखी लक्षणे निर्माण करू शकतात. औषध थांबवल्यावर ती सहसा ओसरतात. ऱ्हुपसमध्ये हे औषध जपूनच निवडावे लागते.

उपचारांचा पाया हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते घेत असताना डोळ्यांची नियमित तपासणी हवी. सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट आणि गरजेपुरते स्टिरॉइड दिले जाते. तेवढ्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅब किंवा अबाटासेप्ट या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांचा विचार होतो. मूत्रपिंडाला झळ पोचल्यास मायकोफेनोलेट हे तशाच प्रकारचे औषध वापरतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट दोन्ही गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेच्या पुरेसे आधी बंद करावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात.