ग्रीक नाटकांत बायका नावापुरत्याच होत्या?

नाट्यशास्त्राच्या नोट्समधून वर्षानुवर्षे फिरणारं एक वाक्य: 'प्राचीन ग्रीसमध्ये स्त्रिया अभिनय करत नसत, म्हणून नाटकांत स्त्रीपात्रं दुय्यम असत.'

पहिला अर्धा भाग खरा आहे. अथेन्समध्ये मुखवटे चढवून सगळ्या भूमिका पुरुषच करत. घोटाळा आहे तो त्या 'म्हणून'मध्ये. आपल्या जुन्या संगीत नाटकांतही स्त्रीपार्ट पुरुषच करायचे. म्हणून नायिका काही विंगेत बसून राहिली नाही.

पडताळायला फार खटपट नको. कुठल्याही भाषांतरातली पात्रांची यादी उघडा. पूर्ण टिकलेल्या तीसेक शोकांतिकांपैकी एकही स्त्रीपात्र नसलेली एकच सापडते, 'फिलोक्टेटीस'. मग संवाद वाचा. इ.स.पू. ४३१ मध्ये सादर झालेल्या युरिपिडीसच्या 'मीडिया' या नाटकात त्याच नावाची नायिका म्हणते, एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणात उभी राहीन. याला दुय्यम कसं म्हणायचं?

अर्थात हे वाक्य बोलणारा मुखवट्याआडचा नटही पुरुष, लिहिणाराही पुरुष. त्यामुळे त्यात अथेन्सच्या खऱ्या बायकांचा आवाज शोधणं हे दुसरं टोक झालं. त्यांना नगरसभेत मतही नव्हतं.